आल्प्समधील सरोवरांची एका दिवसाची वाट: आई-बाबांसोबत झरमॅटला जावे की दुसरीकडे?

चालतीबोलती (प्रश्न)

नमस्कार. ऑगस्टच्या अखेरीस आई-बाबा आणि धाकटा भाऊ माझ्याकडे झुरिकला येत आहेत. त्यांच्या मुक्कामातील एक दिवस आल्प्समधील अशा वाटेवर घालवावा अशी इच्छा आहे, जिथे चालता चालता एकामागून एक डोंगरी सरोवरे लागतात. रेल्वेने वर जायचे, सज्जात उभे राहून शिखर पाहायचे, छायाचित्रे काढायची आणि पुढच्या गाडीने खाली यायचे, हा कार्यक्रम आईला अजिबात नको आहे. तिला स्वतःच्या पायांनी चालायचे आहे, पाण्याच्या काठी निवांत बसायचे आहे आणि कोणी मागून घाई केलेली तिला चालणार नाही.

योग्य सल्ला मिळावा म्हणून थोडी माहिती देते. बाबा ६९ वर्षांचे आहेत. रोज तास-दीड तास सपाटीवर चालतात, आणि रक्तदाबाची गोळी चालू असली तरी तो आटोक्यात आहे. आई ६४ वर्षांची आहे. चढावर तिला धाप लागत नाही, पण लांब उतारावर डावा गुडघा दुखू लागतो. भाऊ तिशीतला असून नियमित डोंगर चढणारा आहे आणि फार सोपी वाट त्याला अपुरी वाटेल अशी मला शंका आहे.

माझ्या वाचनात झरमॅटची पाच सरोवरांची वाट आली. अंतर नऊ ते दहा किलोमीटर आणि वेळ अडीच तास असे सगळीकडे लिहिलेले दिसते. हे अडीच तास आमच्यासारख्यांच्या बाबतीत कितपत खरे मानावेत? झुरिकहून सकाळी निघून त्याच दिवशी परत येणे शक्य आहे का? उतार नेमका कुठे आहे, आणि मध्येच कोणी थकले तर वाट सोडून खाली येण्याची सोय आहे का? झरमॅटऐवजी दुसरी एखादी वाट अधिक योग्य असेल, तर तीही अवश्य सुचवावी. केवळ प्रसिद्ध आहे म्हणून तिथेच गेले पाहिजे असा माझा आग्रह नाही.

गिरिपथ (प्रतिसाद)

आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत झरमॅटच्या बाजूने आहे, पण त्याच दिवशी परत न येण्याच्या अटीवर. कारणे सविस्तर लिहितो.

आधी त्या अडीच तासांविषयी. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांवरील पिवळ्या पाट्यांवर जी वेळ लिहिलेली असते, ती सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर चालणाऱ्या माणसाचा वेग धरून आणि त्यात चढ-उताराचा हिशेब मिळवून काढलेली असते. तीत विश्रांती मुळीच धरलेली नसते. हे जाळे इथे फार काटेकोरपणे राखले जाते. १९७९ साली झालेल्या सार्वमतात पायवाटांची तरतूद थेट देशाच्या राज्यघटनेत घेतली गेली आणि आज अशा खुणा केलेल्या वाटांची लांबी ६५,००० किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे पाटीवरची वेळ चुकीची नसते, मात्र ती न थांबता चालणाऱ्याची असते. प्रत्येक सरोवराशी वीस-पंचवीस मिनिटे बसायचे, दुपारचे जेवण करायचे आणि आईंच्या गुडघ्याला जपत उतरायचे, असे धरले तर आपल्याला पाच ते सहा तास लागतील. एवढा वेळ हाताशी ठेवूनच बाकीचे नियोजन करावे.

आता वाट. झरमॅट सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथून डोंगराच्या पोटातील बोगद्यातून जाणारी फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे) काही मिनिटांत २,२८८ मीटरवरील सुन्नेगाला पोहोचवते आणि तिथून गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याने) ब्लाउहेर्डला, म्हणजे २,५७१ मीटरवर जाता येते. चालणे तिथून सुरू होते. पहिले सरोवर श्टेलीझे २,५३७ मीटरवर आहे, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांची जवळजवळ सपाट चाल. दिवसाची सुरुवात पाय मोकळे करणाऱ्या वाटेने होते, हा या मार्गाचा मोठा गुण आहे. त्यानंतर वाट २,३३४ मीटरवरील ग्रिंजीझेकडे उतरते. हा दोनशे मीटरचा उतार त्या दिवसातला सर्वांत मोठा सलग उतार आहे आणि आईंनी काठ्या वापरायच्या त्या इथेच. दोन काठ्या असाव्यात, एकीने गुडघ्यावरचा भार पुरेसा हलका होत नाही. पुढे ओढा ओलांडून २,३०० मीटरवरील ग्र्युनझेला जाताना चढ-उतार किरकोळ आहेत. ग्र्युनझेहून मोस्जीझेकडे (२,१४० मीटर) पुन्हा दीडशे-एक मीटर उतरावे लागते, पण ही वाट झाडांमधून जाते आणि सावली मिळते.

पुष्कळ लोक जी गोष्ट लक्षात घेत नाहीत, ती यापुढे येते. मोस्जीझे हे वाटेवरील सर्वांत खालचे ठिकाण आहे आणि तिथून लायझे (२,२३२ मीटर) व सुन्नेगा गाठण्यासाठी दिवसाच्या शेवटी जवळजवळ दीडशे मीटर चढावे लागते. चढ अवघड नाही, परंतु थकलेल्या पायांना, दुपारच्या उन्हात, तो आकड्यापेक्षा मोठा वाटतो. बाबांसाठी थोडे खाणे आणि पाणी या टप्प्यासाठी राखून ठेवा. लायझेच्या काठावरून सुन्नेगा स्थानकापर्यंत एक लहान तिरकी लिफ्ट आहे, त्यामुळे अगदी शेवटची चढण टाळता येते.

मध्येच वाट सोडण्याविषयी आपण विचारले आहे. ग्र्युनझे हा निर्णय घेण्याचा थांबा समजावा. तिथपर्यंत पोहोचल्यावर आईंचा गुडघा बोलू लागला असेल, तर मोस्जीझेकडे न उतरता रिफेलआल्पकडे जाणारी वाट धरावी. ती बहुतांशी आडवी जाते आणि साधारण पाऊण तासात गॉर्नरग्राट रेल्वेच्या रिफेलआल्प स्थानकावर नेते. ही दातेरी रुळांची रेल्वे १८९८ पासून धावते आहे आणि ती थेट झरमॅटला उतरवते. तिचे तिकीट वेगळे काढावे लागते, तेवढा खर्च मनात धरून ठेवा.

झुरिकहून झरमॅटला फिस्पमार्गे रेल्वेने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. सकाळी सहाला निघालात तरी श्टेलीझेला पोहोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतील, आणि तोवर त्या सरोवराची सर्वांत चांगली वेळ निघून गेलेली असेल. श्टेलीझेवरून मॅटरहॉर्न नैर्ऋत्येला दिसतो. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि ४,४७८ मीटरच्या त्या शिखराची पूर्वेकडची भिंत पूर्ण उजळलेली असते. दुपारनंतर सूर्य शिखराच्या बाजूला सरकतो आणि तीच भिंत सावलीत जाते. शिवाय ऊन तापले की दरीतून वारा वर चढू लागतो आणि पाण्यावर लहर उठते. संपूर्ण प्रतिबिंब पाहायचे असेल तर आदल्या रात्री झरमॅटमध्ये राहून पहिल्या फेऱ्यांपैकी एखादीने वर जाणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. झरमॅटमध्ये मुक्काम महाग वाटला तर टॅशला राहता येईल. झरमॅटमध्ये खासगी मोटारींना प्रवेश नसल्याने सगळ्या मोटारी टॅशलाच थांबतात आणि तिथून शटल रेल्वे बारा मिनिटांत झरमॅटला पोहोचवते.

भावासाठी एक सूचना आहे. ब्लाउहेर्डहूनच ओबररोटहॉर्न या ३,४१४ मीटर उंचीच्या शिखरावर खुणा केलेली डोंगरवाट जाते. दोर किंवा गिर्यारोहणाचे साहित्य न वापरता गाठता येणाऱ्या आल्प्समधील सर्वांत उंच शिखरांपैकी ते एक आहे. ब्लाउहेर्डपासून साडेआठशे मीटरचा चढ आहे. त्याने सकाळची गोंडोला तुमच्यासोबत घ्यावी, श्टेलीझेला तुमच्यासोबत थांबावे, मग स्वतःच्या वाटेने वर जावे आणि दुपारी लायझेवर येऊन भेटावे. त्याच्या पायांनाही काम मिळेल आणि तुमच्यापैकी कोणालाही दुसऱ्याच्या वेगाने चालावे लागणार नाही.

तिसराथांबा (प्रतिसाद)

गिरिपथ यांनी वाटेचे वर्णन अचूक केले आहे, परंतु मूळ प्रश्नातील ‘घाई नको’ या शब्दांना मी अधिक महत्त्व देईन. पाच सरोवरे, शेवटची फ्युनिक्युलर आणि चुकवता न येणारा अखेरचा चढ, एवढे सगळे डोक्यात ठेवून चालणारा माणूस काठावर बसला तरी घड्याळाकडे पाहत बसतो. दुखरा गुडघा असणाऱ्या व्यक्तीसाठी खरी सोय ही की हव्या त्या क्षणी मागे फिरता आले पाहिजे, आणि एका ठिकाणी चढून दुसऱ्या ठिकाणी उतरणाऱ्या वाटेवर ती सोय नसते.

म्हणून माझा सल्ला ग्रिंडेलवाल्डचा. तिथून गोंडोलाने फर्स्टला (२,१६६ मीटर) जावे आणि रुंद, नीट राखलेल्या वाटेने बाखआल्पझेपर्यंत चालावे. सरोवर २,२६५ मीटरवर आहे. सुमारे तीन किलोमीटर अंतर आणि तासाभराची चाल. पहिल्या भागात चढ आहे, नंतर वाट हळूहळू सरळ होते. परतही त्याच वाटेने यायचे असल्याने काय वाढून ठेवले आहे हे आधीच माहीत असते. बाखआल्पझे म्हणजे खरे तर एकमेकांलगतची दोन सरोवरे आहेत, मध्ये नैसर्गिक बांध आहे आणि वरचे मोठे आहे. वरच्या सरोवराच्या दूरच्या काठाला जाऊन मागे वळून पाहिले, की ४,०७८ मीटरचा श्रेकहॉर्न आणि बर्नीज आल्प्समधील सर्वांत उंच शिखर असलेला ४,२७४ मीटरचा फिन्स्टरआरहॉर्न पाण्यापलीकडे उभे दिसतात. बहुतेक लोक खालच्या काठाशीच थांबतात, त्यामुळे तिथे गर्दी आणि पंधरा मिनिटे पुढे गेले की बसायला मोकळी जागा, असा अनुभव येतो. झुरिकहून इंटरलाकेनमार्गे ग्रिंडेलवाल्डला पोहोचायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे एका दिवसात जाऊन येणे दमछाक न होता जमते.

‘एकामागून एक सरोवरे’ ही अट मात्र इथे पुरी होत नाही, हे मान्य आहे. ती अट पुरी करणारी आणि झुरिकला जवळ असलेली वाट पित्सोलची. झारगान्सपर्यंत रेल्वेने तासाभराचा प्रवास, तिथून जवळच वांग्स, आणि वांग्सहून लिफ्टने २,२२७ मीटरवरील पित्सोलह्युटेपर्यंत जाता येते. वांग्सरझे तिथेच आहे. त्यानंतर विल्डझे (२,४३८ मीटर), शॉटनझे, श्वार्त्सझे आणि बाशाल्वाझे अशी सरोवरे घेत वाट गाफियाला उतरते. अंतर सुमारे अकरा किलोमीटर, एकूण चढ सहाशे मीटरच्या आसपास आणि उतार त्याहून बराच जास्त. पाटीवरच्या हिशेबानेही साडेचार-पाच तास लागतात. काही ठिकाणी वाट घसाऱ्यातून आणि मोठ्या दगडांमधून जाते आणि पाऊल प्रत्येक वेळी बघूनच टाकावे लागते. मला व्यक्तिशः सरोवरांच्या सर्व वाटांमध्ये ही अधिक आवडते, कारण हिच्यावर प्रत्येक सरोवर एखाद्या खिंडीपलीकडे लपलेले असते आणि माथ्यावर आल्याशिवाय दिसत नाही. पण आपल्या आईंना मी तिथे पाठवणार नाही. भावाला अवश्य पाठवावे, एकट्याला नव्हे तर कोणा सोबत्याबरोबर.

वाटांच्या खुणांतील फरक लक्षात ठेवावा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे तोल, सवय आणि चांगले बूट लागतात. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर ती वाट आपल्यासाठी नाही असेच समजावे. झरमॅटच्या वाटेवरही काही भाग पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांचा आहे, त्यामुळे नुसत्या चपट्या तळव्याच्या बुटांवर तिथे जाऊ नये.

चालतीबोलती

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिचे म्हणणे असे की एकाच सरोवराशी जाऊन परत येण्यापेक्षा तिला पुढे पुढे जाणारी वाट आवडेल, आणि ग्र्युनझेपाशी थांबून ठरवता येते हे कळल्यावर तिला धीर आला आहे. त्यामुळे कल झरमॅटकडे आहे.

आणखी दोन शंका आहेत. भावाने दाखवलेल्या छायाचित्रांत एकाच वाटेवरची सरोवरे निरनिराळ्या रंगांची दिसतात. एक काचेसारखे स्वच्छ, दुसरे जवळजवळ दुधी हिरवे. ही रंगांची करामत छायाचित्रातील आहे की प्रत्यक्षातही तसेच दिसते? दुसरी शंका बाबांविषयी आहे. अडीच हजार मीटरवर एकदम लिफ्टने जाणे त्यांना मानवेल का, आणि हवामान बिघडले तर काय करावे?

निळाई (प्रतिसाद)

रंग खरे आहेत, आणि त्या वाटेवर चालण्याचे माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे कारण आहे. पाचही सरोवरे काही किलोमीटरच्या परिसरात आहेत, एकाच हवेत आणि एकाच उन्हात आहेत, तरीही प्रत्येकाचे पाणी वेगळे दिसते. हा फरक पाणी कुठून येते यावर अवलंबून असतो.

हिमनदी सरकताना तळाचा खडक खरवडत जाते आणि त्याचे इतके बारीक पीठ होते की ते पाण्यात लवकर बसत नाही, दीर्घकाळ तरंगत राहते. अशा पाण्यात ऊन शिरले की लाल रंगाचा भाग पाणी शोषून घेते आणि उरलेला निळा-हिरवा प्रकाश त्या कणांवरून विखुरला जाऊन आपल्याकडे परत येतो. मोस्जीझेचे पाणी असे आहे. ते मुळात पाणी साठवण्यासाठी बांधलेले तळे आहे आणि त्यात हिमनदीचे पाणी येते, म्हणून ते दुधी, फिरोजी दिसते. जिथे हिमनदीचे पाणी पोहोचत नाही, फक्त बर्फ वितळून, पाऊस पडून किंवा झऱ्यातून पाणी येते, तिथे तळाचे दगड मोजता येतील इतके पाणी स्वच्छ राहते. श्टेलीझे आणि ग्र्युनझे ही त्यातली.

प्रतिबिंबाचा संबंधही याच गोष्टीशी आहे, आणि तो मोस्जीझेच्या काठावर सहज पडताळून पाहता येतो. वारा पडलेला असतानाही तिथे समोरच्या डोंगराची आकृती फिकी दिसते, कारण कणांवरून उसळून वर येणारा प्रकाश पृष्ठभागावरच्या प्रतिमेला पुसून टाकतो. श्टेलीझेचे पाणी आतून गडद असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर मॅटरहॉर्नची प्रत्येक कड उमटते. काठाच्या अगदी जवळ, पाण्याच्या पातळीपर्यंत वाकून पाहिले तर प्रतिमा आणखी स्पष्ट होते, कारण नजर पाण्याला जितकी तिरकी, तितका प्रकाश जास्त परावर्तित होतो. उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यांना पाण्यातला तळ दिसतो आणि खाली बसणाऱ्यांना डोंगर दिसतो. आईंना काठावर बसायचेच आहे, तेव्हा त्यांना हे आपोआप लाभेल.

ग्रिंजीझेला थोडा अधिक वेळ द्यावा असे सुचवते. सरोवर लहान आहे, भोवती लार्चची झाडे आहेत आणि काठच्या दलदलीत कापूसगवताचे पांढरे झुबके डुलतात. शेजारीच फिंडेल हिमनदीने मागे ठेवलेल्या दगडमातीचा उंच बांध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्समधील हिमनद्या पुष्कळ पुढे पसरलेल्या होत्या आणि असे बांध म्हणजे त्यांच्या त्या वेळच्या सीमारेषा आहेत. बांधावरून दरीच्या वरच्या बाजूला नजर टाकली, की हिमनदी आता किती मागे गेली आहे ते कोणी सांगावे लागत नाही. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून आपल्या बर्फाचा सुमारे एक दशांश भाग गमावला.

तिसराथांबा यांनी पित्सोलचा उल्लेख केला आहे, म्हणून हेही सांगते. विल्डझेच्या वर जी हिमनदी होती, ती इतकी आक्रसली की २२ सप्टेंबर २०१९ रोजी लोक काळे कपडे घालून तिथे चढून गेले आणि तिचा अंत्यविधी पार पाडला. त्याच वेळी, हिमनद्या मागे सरकल्याने उघड्या पडलेल्या खोलगट जागांत पाणी साचून नवी सरोवरे तयार होत आहेत. एआवाग या स्विस जलसंशोधन संस्थेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार १८५० नंतर स्विस आल्प्समध्ये सुमारे १,२०० नवी सरोवरे निर्माण झाली आणि त्यांतली हजारांच्या आसपास आजही आहेत. एखाद्या दुधी सरोवराला पाणी पुरवणारी हिमनदी संपली की हळूहळू कण तळाशी बसतात आणि त्याचा फिरोजी रंग जातो. म्हणजे भावाने दाखवलेले रंगसुद्धा कायमचे नाहीत, आणि म्हणूनच ते आता पाहून घ्यावेत असे मला कळकळीने वाटते.

पाऊलखुणा (प्रतिसाद)

बाबांच्या उंचीविषयीच्या शंकेला उत्तर देतो. २,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. निरोगी माणसाला त्याने सहसा त्रास होत नाही, थोडी धाप मात्र लवकर लागते. रक्तदाब आटोक्यात असेल तरी निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना, आपण अमुक उंचीवर अमुक तास चालणार आहोत, असे नेमके सांगून विचारावे. आदल्या रात्री झरमॅटमध्ये मुक्काम केला तर शरीराला १,६०० मीटरची थोडी सवय होते, हा मुक्कामाचा आणखी एक फायदा आहे. वर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चालावे. डोके दुखू लागले, मळमळले किंवा छातीत जड वाटले तर पुढे जाऊ नये, त्याच गोंडोलाने खाली यावे. श्टेलीझे ब्लाउहेर्डच्या जवळ असल्याने हे सहज शक्य आहे.

उन्हाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण हवा गार असते. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि पाण्यावरून परतणारे किरण त्यात भर घालतात. टोपी, काळा चष्मा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचे सनस्क्रीन हे प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावे. सोबत एक उबदार थर आणि पाऊस-वारा अडवणारे जाकीट असावे, कारण ऑगस्टमध्येही ढग आल्यावर तापमान झपाट्याने उतरते.

हवामानासाठी मेटिओस्विस या राष्ट्रीय हवामान सेवेचे ॲप पाहावे आणि तेही त्या दिवशी सकाळी. उन्हाळ्यात वादळी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून लवकर निघणे प्रकाशासाठी जितके चांगले, तितकेच सुरक्षिततेसाठीही आहे. गडगडाट ऐकू आला तर पाण्याच्या काठापासून, एकट्या झाडापासून आणि उंच उघड्या जागेपासून दूर व्हावे. मॅटरहॉर्नच्या एका बाजूला झेंड्यासारखा ढग अडकलेला दिसला म्हणून मात्र घाबरू नये. सुळक्याच्या आडोशाच्या बाजूला तसा ढग तयार होणे हे त्या शिखराचे वैशिष्ट्यच आहे आणि आकाश निरभ्र असतानाही तो दिसतो.

कुरणांतून जाताना वासरांसोबत असलेल्या गाई दिसल्या तर लांबून वळसा घालावा, वासरांना हात लावू नये आणि उघडलेले फाटक आपल्यामागे बंद करावे. अपघात झाला तर व्हॅलेस प्रांतात, म्हणजे झरमॅटला, १४४ हा क्रमांक लावावा. पित्सोलच्या बाजूला रेगा या हवाई बचाव संस्थेचा १४१४ आहे. आई-बाबांच्या प्रवास विम्यात डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च समाविष्ट आहे की नाही, हे त्यांनी निघण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

चालतीबोलती

सर्वांचे आभार. ठरवले आहे ते असे: झरमॅटमध्ये दोन रात्री राहायचे, पहिल्या सकाळी हवा चांगली असेल तर लगेच निघायचे आणि नसेल तर दुसरी सकाळ राखीव ठेवायची. भाऊ ओबररोटहॉर्नला जाईल. तिकिटांविषयी काही सांगता येईल का? माझ्याकडे वार्षिक हाफ फेअर कार्ड आहे, आई-बाबांकडे नाही.

गिरिपथ

दोन सकाळी हाताशी ठेवण्याचा निर्णय उत्तम आहे. आई-बाबांसाठी पर्यटकांचे हाफ फेअर कार्ड घ्यावे. ते एक महिना चालते आणि रेल्वेवर तसेच झरमॅटच्या लिफ्टवर निम्मी सवलत देते. ते बराच प्रवास करणार असतील तर स्विस ट्रॅव्हल पासचा हिशेबही मांडून पाहावा. त्यावर रेल्वेचा प्रवास वेगळे तिकीट न काढता होतो, मात्र ब्लाउहेर्डच्या लिफ्टला इथेही सवलत निम्मीच मिळते.

तिकीट खिडकीवर ‘पाच सरोवरांच्या वाटेचे’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे चढताना ब्लाउहेर्डपर्यंत आणि उतरताना सुन्नेगाहून झरमॅटपर्यंत असे तिकीट मिळते; ब्लाउहेर्डचे पूर्ण परतीचे तिकीट काढण्याची गरज नाही. त्याच खिडकीवर सुन्नेगाहून खाली येणाऱ्या शेवटच्या फ्युनिक्युलरची वेळ विचारून भावालाही कळवून ठेवावी, कारण ती ऋतूनुसार बदलते आणि त्याला ओबररोटहॉर्नच्या माथ्यावरून किती वाजता उतरायला लागायचे हे त्यावरूनच ठरवावे लागेल.